विश्लेषण : आत्या विरुद्ध भाचा... फ्रान्समधील एका जहागिरीचा वारसावाद शंभर वर्षांच्या युद्धापर्यंत कसा पोहोचला?

दोन निकाल, बनावट दस्तऐवज, एका महिलेला जाळून मारण्याची शिक्षा आणि देशोधडीला लागलेला सरदार... सात शतकांपूर्वी आर्त्वा प्रांताचा खरा वारस कोण, यावरून नेमके काय घडले?

मुलगा वडिलांच्या आधी वारला, तर त्या मुलाच्या मुलाला आजोबांच्या मालमत्तेत वाटा मिळतो का? वारस नोंदीच्या वेळी आपल्याकडे अनेक घरांत हा प्रश्न उभा राहतो. कुणाला आत्याशी, कुणाला काकाशी भांडावे लागते, कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. चौदाव्या शतकात उत्तर फ्रान्समधील आर्त्वा या जहागिरीत अगदी हाच प्रश्न निर्माण झाला होता. फरक इतकाच की, तिथे पणाला लागलेली मालमत्ता म्हणजे चार एकर जमीन नव्हती, तर शहरे, किल्ले, कर वसुलीचे अधिकार आणि राजदरबारातील मानाचे स्थान असलेला संपूर्ण प्रांत होता. आत्या आणि भाच्याचे हे भांडण जवळपास तीस वर्षे चालले. त्याचा शेवट फ्रान्स आणि इंग्लंडमधील शंभर वर्षांच्या युद्धाच्या उंबरठ्यावर झाला.

आर्त्वा कुठे आहे?

आजच्या नकाशावर फ्रान्सच्या उत्तर टोकाला, बेल्जियमच्या सीमेजवळ पा-द-काले हा जिल्हा आहे. मध्ययुगातील आर्त्वाचा बहुतांश भाग याच जिल्ह्यात येतो. राजधानीचे शहर आरास. कापड आणि भिंतीवर टांगण्याचे विणलेले पडदे यासाठी ते इतके प्रसिद्ध होते की, इंग्रजीत अशा पडद्यांना 'आरास' हेच नाव पडले. शाळेतील भूगोलाच्या पुस्तकात वाचलेली 'आर्टेशियन विहीर' आठवते? पंप न लावता भूगर्भातील दाबाने पाणी आपोआप वर येणाऱ्या या विहिरीला याच प्रांतावरून नाव मिळाले आहे.

अशा प्रांताला 'काउंटी' आणि त्याच्या प्रमुखाला 'काउंट' म्हणत. काउंट हा राजाचा मांडलिक. तो राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेई, युद्धात सैन्य पुरवी आणि त्या बदल्यात आपल्या भागात कर गोळा करी, न्यायदान करी. काउंट वारला की त्याची जागा कोण घेणार, हे घराण्याच्या नात्यांवर आणि त्या प्रांताच्या रूढीवर ठरत असे. मात्र वाद झाला तर निवाडा राजाकडे जाई. पुढच्या गोष्टीत ही बाब फार महत्त्वाची ठरते.

ही जहागीर राजघराण्याकडे कशी आली?

आर्त्वा आधी फ्लँडर्स या बलाढ्य काउंटीचा भाग होता. ११८० मध्ये फ्लँडर्सच्या काउंटची भाची इझाबेल हिचा विवाह फ्रान्सचा राजा फिलिप दुसरा याच्याशी झाला आणि हा प्रदेश तिच्या हुंड्यात देण्यात आला. इझाबेल ११९० मध्ये वारली. तिचा मुलगा पुढे लुई आठवा या नावाने राजा झाला. त्याने मृत्युपत्रात आर्त्वा आपला धाकटा मुलगा रोबेर याच्या नावे केला. थोरल्या मुलाला गादी आणि धाकट्यांना एकेक प्रांत, अशी ही पद्धत होती. धाकट्यांच्या या वाट्याला फ्रेंचमध्ये 'अपानाज' म्हणतात. १२३७ मध्ये लुई नववा याने आपल्या या भावाला रीतसर काउंट केले.

हा रोबेर पहिला सातव्या धर्मयुद्धात इजिप्तला गेला आणि ८ फेब्रुवारी १२५० रोजी मन्सुराच्या लढाईत मारला गेला. त्याचा मुलगा रोबेर दुसरा वडिलांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी जन्मला. म्हणजे तो जन्मतःच काउंट होता. या दुसऱ्या रोबेरने अर्धशतकाहून अधिक काळ जहागीर सांभाळली. काही वर्षे इटलीत नेपल्सच्या राज्याचा कारभारही पाहिला. एदाँ येथील त्याच्या वाड्याच्या बागेत आपोआप हलणाऱ्या यांत्रिक करमणुकीच्या वस्तू बसवलेल्या होत्या आणि त्या पाहायला लांबून पाहुणे येत.

वाद नेमका कशामुळे निर्माण झाला?

रोबेर दुसरा याची दोन अपत्ये या वादात महत्त्वाची ठरतात. मुलगी माहो आणि मुलगा फिलिप. सगळे सुरळीत घडले असते, तर फिलिप काउंट झाला असता आणि त्याच्यानंतर त्याचा मुलगा. मात्र १२९७ मध्ये फ्लँडर्सविरुद्धच्या फ्युर्नच्या लढाईत फिलिप जखमी झाला आणि पुढच्या वर्षी वारला. त्याच्यामागे पत्नी, मुली आणि एक मुलगा होता. आजोबांचेच नाव लावणारा हा मुलगा म्हणजे या कथेतील तिसरा रोबेर. त्याचा जन्म १२८७ चा.

चार वर्षांनी, ११ जुलै १३०२ रोजी कोर्त्रे येथे फ्लँडर्सच्या पायदळाने फ्रेंच घोडदळाचा धुव्वा उडवला. समोर प्रामुख्याने शहरांतील विणकर आणि कारागीर होते. मेलेल्या सरदारांच्या टाचांवरील सोनेरी आरी गोळा करून चर्चमध्ये टांगण्यात आल्या, म्हणून या लढाईला 'सोनेरी आरींची लढाई' म्हणतात. फ्रेंच सैन्याचा सेनापती रोबेर दुसरा याच लढाईत ठार झाला.

आता दावेदार दोन होते. एक मुलगी माहो, तेव्हा तिशी ओलांडलेली आणि बर्गंडीच्या काउंटची पत्नी. दुसरा नातू रोबेर, वय वर्षे पंधरा.

कायदा कुणाच्या बाजूने होता?

इथे खरा मुद्दा येतो. वारसा ठरवण्याची दोन तत्त्वे तेव्हा प्रचलित होती.

पहिले तत्त्व प्रतिनिधित्वाचे. म्हणजे मुलगा आधी वारला, तरी त्याची मुले त्याच्या जागी उभी राहतात. वडील असते तर जे मिळाले असते, ते मुलांना मिळते.

दुसरे तत्त्व जवळच्या नात्याचे. म्हणजे मालक वारला त्या दिवशी हयात असलेल्यांपैकी सर्वांत जवळचे कोण, एवढेच पाहायचे. मुलगी एक पायरी जवळ, नातू दोन पायऱ्या दूर. मुलगी आहे तोवर नातवाचा प्रश्नच येत नाही.

फ्रान्सच्या अनेक भागांत पहिले तत्त्व चालत असे. आर्त्वाची रूढी मात्र दुसऱ्या तत्त्वाची होती. त्यामुळे १३०२ मध्ये माहो काउंटेस झाली. तिचा पती दुसऱ्याच वर्षी वारला आणि पुढे मृत्यूपर्यंत तिने स्वतःच्या हक्काने कारभार केला.

तुलनेसाठी आजच्या भारतातील कायदा पाहता येईल. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात मृत मुलाची मुले पहिल्या वर्गाच्या वारसांत मोडतात. या कायद्याने निवाडा झाला असता, तर माहोला स्वतःचा वाटा मिळाला असता आणि फिलिपच्या मुलांना मिळून त्यांच्या वडिलांचा वाटा. मात्र सरंजामशाहीत काउंटचे पद वाटून देण्यासारखे नव्हते. सगळे एकाला आणि दुसऱ्याला फार तर मोबदला, असाच हिशेब होता.

पहिला निकाल : १३०९

रोबेर सज्ञान झाल्यावर त्याने राजा फिलिप चौथा याच्याकडे दाद मागितली. १३०९ मध्ये राजाने निकाल दिला. आर्त्वा माहोकडेच राहील, रोबेरला मोबदला मिळेल. त्याच्या वाट्याला नॉर्मंडीतील बोमाँ-ल-रोजे ही तुलनेने किरकोळ जहागीर आली.

निकाल रूढीला धरून होता, हे खरे. पण माहोच्या दोन मुली राजाच्या दोन मुलांना दिलेल्या होत्या, हेही खरे. न्याय करणारा राजा हा एका पक्षकाराचा व्याही होता. रोबेरच्या मनात अन्यायाची भावना घर करून बसली, तिचे मूळ इथे आहे.

दुसरा निकाल : १३१८, न्यायाधीश थेट जावई

१३१४ मध्ये फिलिप चौथा वारला. त्याच वर्षी राजाच्या सुनांवर व्यभिचाराचे आरोप होऊन मोठे प्रकरण गाजले होते. माहोची एक मुलगी ब्लांश त्यात दोषी ठरून तुरुंगात गेली, तर दुसरी मुलगी झान निर्दोष ठरून पतीकडे परतली. या झानचा पती म्हणजे राजपुत्र फिलिप.

१३१६ मध्ये राजा लुई दहावा वारला. त्यानंतर जन्मलेला त्याचा मुलगा जेमतेम पाच दिवस जगला आणि लुईचा भाऊ असलेला हाच फिलिप पाचवा या नावाने गादीवर आला. दरम्यान, आर्त्वातील सरदारांनी माहोच्या कारभाराविरुद्ध बंड पुकारले होते. रोबेर या बंडखोरांच्या पुढे झाला आणि सैन्यासह आर्त्वात शिरला. मात्र फिलिपने चाल करताच त्याला माघार घ्यावी लागली. काही काळ कैदही भोगावी लागली.

प्रकरण पुन्हा राजदरबारात गेले. १३१८ मध्ये दुसऱ्यांदा निकाल माहोच्या बाजूने लागला. या वेळी निवाडा करणारा राजा माहोचा सख्खा जावई होता आणि माहोनंतर आर्त्वा त्याच्याच पत्नीकडे जाणार होता. हितसंबंधांचा संघर्ष याहून ठळक असू शकत नाही.

मुलीला गादी नाही, पण जहागीर चालते?

याच काळात आणखी एक विसंगती घडली. लुई दहावा याला चार-पाच वर्षांची मुलगी होती. जवळच्या नात्याचे तत्त्व लावले, तर फ्रान्सची गादी तिला मिळायला हवी होती. मात्र तिच्या काकाने, म्हणजे फिलिपने, तिला बाजूला सारून ९ जानेवारी १३१७ रोजी रँस येथे राज्याभिषेक करून घेतला. पुढच्याच महिन्यात पॅरिसमधील सभेने स्पष्ट केले की, स्त्रीला फ्रान्सची गादी मिळू शकत नाही.

त्या राज्याभिषेकाला माहो हजर होती आणि तीही प्रेक्षक म्हणून नव्हे. आर्त्वाच्या काउंटला १२९७ पासून 'पेअर' हा राज्यातील सर्वोच्च सरदारांचा दर्जा मिळाला होता. त्या नात्याने तिने विधीत प्रत्यक्ष भाग घेतला. एका स्त्रीने हे करावे, यावर तेव्हाही नाकं मुरडली गेली. एका मुलीचा हक्क डावलून गादीवर बसणारा राजा आणि मुलगी म्हणून जहागीर मिळवलेली त्याची सासू, असे दोघे एकाच विधीत होते.

डावललेल्या मुलीच्या बाजूने तिचा मामा, बर्गंडीचा ड्यूक यूद चौथा, सुरुवातीला ठामपणे उभा राहिला होता. १३१८ मध्ये त्याने भूमिका बदलली. त्याच वर्षी त्याचा विवाह फिलिप पाचवा याच्या थोरल्या मुलीशी झाला. तिचेही नाव झानच. ही माहोची नात असल्याने आर्त्वाचा हक्क पुढे तिच्यामार्फत यूदकडे येणार होता. भाचीच्या गादीपेक्षा पत्नीच्या हुंड्याचे पारडे जड ठरले.

राजा दोन मेहुण्यांच्या कात्रीत

रोबेरने मधल्या काळात हुशारीने नाते जोडले. त्याने व्हाल्वा घराण्यातील झानशी लग्न केले. १३२८ मध्ये राजवंशाची थेट शाखा संपली आणि याच झानचा सावत्र भाऊ फिलिप सहावा राजा झाला. त्याला गादी मिळावी यासाठी रोबेरने जोर लावला होता. आता तो राजाचा मेहुणा आणि निकटचा सल्लागार होता. बोमाँच्या त्याच्या जहागिरीलाही पेअरचा दर्जा मिळाला. १३२९ मध्ये त्याने आर्त्वाचा दावा तिसऱ्यांदा पुढे आणला.

मात्र राजाला दुसराही मेहुणा होता. फिलिप सहावा याची राणी ही बर्गंडीच्या यूद चौथा याची बहीण. म्हणजे एकीकडे बहिणीचा नवरा, दुसरीकडे बायकोचा भाऊ, आणि दोघांनाही आर्त्वा हवा.

नोव्हेंबर १३२९ मध्ये माहो वारली. तिची मुलगी आणि वारस झान, म्हणजे फिलिप पाचवा याची विधवा, दोन महिन्यांच्या आत, जानेवारी १३३० मध्ये गेली. विषप्रयोगाची कुजबुज सुरू झाली, पण ती कुजबुजच राहिली. हक्क आता नात झान आणि तिचा पती यूद यांच्याकडे आला. रोबेरसाठी ही शेवटची संधी होती.

बनावट दस्तऐवजांचे प्रकरण काय?

रूढी बदलता येत नव्हती. मग रोबेरने पुरावा आणला. त्याचे म्हणणे असे की, आजोबांनी त्याच्या वडिलांच्या लग्नाच्या वेळी लेखी कबुली दिली होती की, मुलगा आधी वारला तरी आर्त्वा त्याच्याच मुलांना मिळेल. तसा करार असता, तर रूढीपेक्षा करार श्रेष्ठ ठरला असता. फ्लँडर्समध्ये नुकतेच असे घडले होते. १३२२ मध्ये तेथील काउंट वारल्यावर धाकट्या मुलाने हक्क आधीच सोडून दिला असल्याने मृत थोरल्या मुलाचा मुलगा, म्हणजे नातू, काउंट झाला होता.

प्रश्न एवढाच होता की, असा कागद इतकी वर्षे होता कुठे? रोबेरच्या बाजूने सांगण्यात आले की, माहोचा विश्वासू सल्लागार आणि आरासचा बिशप तिएरी दिर्साँ याने तो दडवून ठेवला होता. तिएरी १३२८ मध्ये वारला होता, त्यामुळे त्याला विचारण्याची सोय नव्हती. त्याच्या निकट वर्तुळातील झान द दिव्हिओं या महिलेने हे कागद पुढे आणले.

राजाने तपास लावला आणि बिंग फुटले. दस्तऐवज नव्याने लिहिलेले होते. जुन्या, खऱ्या पत्रांवरील मेणाच्या मोहोरा अलगद काढून त्यांना चिकटवल्या होत्या. त्या काळी मोहोर म्हणजेच सही. ती खरी असली की कागद खरा मानला जाई, आणि फसवणूक नेमकी तिथेच केली गेली. झान द दिव्हिओंने कबुली दिली. १३३१ मध्ये न्यायालयाने दस्तऐवज बनावट ठरवले आणि त्याच वर्षी ६ ऑक्टोबर रोजी तिला पॅरिसमध्ये जाळून मारण्यात आले.

खटला 'पार्लमाँ'समोर चालला. नाव संसदेसारखे वाटले, तरी पॅरिसचे पार्लमाँ हे राजाचे सर्वोच्च न्यायालय होते. वारंवार समन्स काढूनही रोबेर हजर झाला नाही. एप्रिल १३३२ मध्ये त्याला हद्दपार करण्यात आले आणि त्याची सर्व मालमत्ता जप्त झाली. पुढे त्याची पत्नी, म्हणजे खुद्द राजाची बहीण, आणि मुलेही कैदेत गेली.

आणि युद्ध?

रोबेर आधी शेजारच्या ब्राबांतमध्ये लपला. राजाचा दबाव वाढल्यावर तो समुद्र ओलांडून इंग्लंडला पोहोचला. इंग्लंडचा राजा एडवर्ड तिसरा याने त्याला आश्रय दिला आणि तनखाही बांधून दिला.

एडवर्डची आई फ्रान्सच्या फिलिप चौथा याची मुलगी होती. त्यामुळे फ्रान्सच्या गादीवर त्याचाही दावा होता. शिवाय नैर्ऋत्य फ्रान्समधील गियेन हा प्रांत त्याच्याकडे होता आणि तेवढ्यापुरता तो फ्रेंच राजाचा मांडलिक होता. मांडलिकाने धन्याच्या शत्रूला आसरा देणे हा सरंजामी कायद्यात गुन्हा होता. फिलिपने रोबेरला ताब्यात देण्याची मागणी केली. एडवर्डने ऐकले नाही. २४ मे १३३७ रोजी फिलिपने गियेन जप्त केल्याचे जाहीर केले आणि त्यामागच्या कारणांत रोबेरला दिलेला आश्रय होता. शंभर वर्षांच्या युद्धाची सुरुवात साधारणपणे याच घटनेपासून मानली जाते. हे युद्ध १४५३ पर्यंत चालले.

एका माणसामुळे एवढे युद्ध पेटले, असे म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. गियेनवरून दोन्ही राजांत जुने वैर होते. इंग्लंडविरुद्ध लढणाऱ्या स्कॉटलंडला फ्रान्सची साथ होती. फ्लँडर्सचे कापड इंग्लंडच्या लोकरीवर अवलंबून होते, त्यामुळे तिथेही ओढाताण सुरू होती. दारूगोळा भरलेला होता. रोबेर हे ठिणगीचे निमित्त ठरला. त्याने मेजवानीत बगळा वाढून एडवर्डला डिवचले, असे वर्णन करणारे एक जुने फ्रेंच काव्य आहे, पण ते काव्य आहे, इतिहास नव्हे.

आर्त्वाच्या वेशीवर

१३४० च्या जुलैमध्ये रोबेर खरोखर आर्त्वात परतला. त्याच्यासोबत फ्लँडर्सचे मोठे सैन्य आणि इंग्लिश तिरंदाज होते. लक्ष्य होते आर्त्वातील साँतोमेर हे शहर. तटाच्या आत बचावाला उभा होता बर्गंडीचा यूद चौथा. म्हणजे जहागिरीचा दावेदार आणि जहागिरीचा ताबेदार त्याच जहागिरीच्या वेशीवर समोरासमोर आले. २६ जुलैच्या लढाईत रोबेरचे बरेचसे सैन्य मोडले आणि त्याला माघार घ्यावी लागली. त्यानंतर आर्त्वा त्याच्या हाती लागण्याची शक्यता उरली नाही.

शेवटचा विरोधाभास ब्रिटनीत घडला. १३४१ मध्ये तेथील ड्यूक निपुत्रिक वारला. एकीकडे त्याच्या मृत सख्ख्या भावाची मुलगी, दुसरीकडे हयात सावत्र भाऊ. पुतणीचा दावा वडिलांच्या जागी उभे राहण्याचा, म्हणजे प्रतिनिधित्वाचा. सावत्र भावाचा दावा जवळच्या नात्याचा आणि पुरुष असल्याचा. फ्रान्सच्या राजाने पुतणीला मान्यता दिली. त्यामुळे इंग्लंड आपोआप सावत्र भावाच्या बाजूने गेले.

इंग्लंडच्या फौजेसोबत रोबेरही ब्रिटनीत उतरला. व्हान शहराच्या लढाईत तो जखमी झाला आणि १३४२ मध्ये वारला. मृत बापाच्या जागी अपत्य उभे राहते, या तत्त्वासाठी त्याने आयुष्य घालवले होते. मरताना तो त्याच तत्त्वाविरुद्ध लढत होता.

त्यानंतर आर्त्वा कुणाकडे गेला?

पुढची वारसरांग स्त्रियांमार्फतच सरकत राहिली. थोडक्यात क्रम असा :

- १२३७-१२५० : रोबेर पहिला, राजाचा धाकटा भाऊ
- १२५०-१३०२ : रोबेर दुसरा, त्याचा मुलगा
- १३०२-१३२९ : माहो, मुलगी
- १३२९-१३३० : झान, माहोची मुलगी आणि फिलिप पाचवा याची विधवा
- १३३०-१३४७ : झान, माहोची नात, पती यूद चौथा याच्यासह
- १३४७-१३६१ : फिलिप, तिचा नातू, वयाच्या पंधराव्या वर्षी निपुत्रिक मृत्यू
- १३६१-१३८२ : मार्गरेट, फिलिपच्या आजीची बहीण
- १३८२-१३८४ : लुई, तिचा मुलगा, फ्लँडर्सचा काउंट
- १३८४ पासून : मार्गरेट, लुईची मुलगी

या शेवटच्या मार्गरेटची गोष्ट वेगळी आहे. पंधराव्या वर्षी वारलेल्या फिलिपची ती बालवधू होती. पुढे १३६९ मध्ये तिचा विवाह बर्गंडीचा ड्यूक फिलिप द बोल्ड याच्याशी झाला. वडिलांच्या मृत्यूनंतर तोच आर्त्वा तिला स्वतःच्या हक्काने मिळाला आणि बर्गंडीच्या विशाल राज्यात सामील झाला. १४७७ मध्ये बर्गंडीचा शेवटचा ड्यूक चार्ल्स लढाईत मारला गेला. त्याची एकुलती मुलगी मेरी हिने हाब्सबर्ग घराण्यात लग्न केले आणि आर्त्वावरून फ्रान्स व हाब्सबर्ग यांच्यात नवी लढाई सुरू झाली. १६५९ च्या पिरेनीज तहाने त्याचा बहुतांश भाग कायमचा फ्रान्सकडे आला.

रोबेरच्या मुलाला जहागीर मिळाली, पण वेगळी. राजा जाँ दुसरा याने १३५२ मध्ये त्याला 'ओ' या काउंटीचा काउंट केले. हे घराणे पुढेही 'आर्त्वा' हेच आडनाव लावत राहिले. नाव राहिले, आर्त्वा नाही.

'गेम ऑफ थ्रोन्स'शी संबंध काय?

फ्रेंच लेखक मोरीस द्रुआँ यांची 'शापित राजे' या अर्थाच्या नावाची सात भागांची कादंबरीमाला याच काळावर आहे आणि माहो व रोबेर ही त्यातील ठळक पात्रे आहेत. 'गेम ऑफ थ्रोन्स'चे लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी या मालिकेला मूळ 'गेम ऑफ थ्रोन्स' म्हटले आहे.

मात्र कादंबरी आणि इतिहास यांत गल्लत करू नये. कादंबरीतील माहो विष घालणारी खलनायिका आहे. प्रत्यक्षात तिच्यावर लुई दहावा याला विष दिल्याचे आणि चेटूक केल्याचे आरोप झाले होते, पण १३१७ मध्ये ती त्यातून निर्दोष सुटली. ते न्यायालयही जावयाचेच होते, ही शंका उरते. तरी आरोप करणाऱ्यांचा हेतू तितकाच संशयास्पद होता.

तिची दुसरी बाजू कागदांत सापडते. आर्त्वाच्या काउंटांचे दप्तर आजही आरास येथील जिल्हा अभिलेखागारात आहे. माहोच्या काळातील घरखर्च, कारागिरांची मजुरी, खरेदी, दानधर्म यांचे तपशीलवार हिशेब त्यात आहेत. तिने एदाँ येथे रुग्णालय उभारले. तिचा मुलगा १३१७ मध्ये कोवळ्या वयात वारला. त्याच्यासाठी तिने करून घेतलेली संगमरवरी समाधीमूर्ती आज सँ-दनी येथे आहे.

मग नियम होता तरी काय?

आर्त्वाच्या या वारसरांगेतून एक गोष्ट स्पष्ट होते. मध्ययुगीन फ्रान्समध्ये वारसाहक्काचा एक कायदा नव्हता. आर्त्वात नातवाला डावलून मुलगी काउंटेस झाली. फ्लँडर्समध्ये कराराच्या जोरावर मुलाला डावलून नातू आला. ब्रिटनीत भावाला डावलून पुतणीला मान्यता मिळाली. खुद्द राजगादीवर मात्र मुलीला थाराच नव्हता. हे चारही निर्णय जेमतेम चाळीस वर्षांत, एकाच राजदरबारातून झाले.

प्रत्येक निर्णयाला रूढीचा किंवा कराराचा आधार होता, हे नाकारता येत नाही. रोबेरचा दावा कायद्याने कमकुवतच होता आणि बनावट कागदांनी तो पार बुडाला. पण त्याच्या प्रकरणात निवाडा करणारा पहिल्या वेळी समोरच्या पक्षाचा व्याही होता, दुसऱ्या वेळी जावई आणि तिसऱ्या वेळी दोन्ही पक्षांचा मेहुणा. तिसऱ्या वेळचा निर्णय पुराव्यावर झाला आणि तो बरोबरही होता. पण आधीच्या दोन निकालांनंतर न्याय मिळेल, यावर रोबेरचा विश्वास उरला नव्हता. त्याने खोट्या मोहोरांचा आधार घेतला आणि त्याची किंमत सर्वांत आधी चुकवली ती झान द दिव्हिओंने. तिला ना आर्त्वा मिळणार होता, ना पळून जाण्यासाठी परका राजदरबार.